दुबईत बिऱ्हाड शोधताना

शारजात भाडे कमी, हे रत्नागिरीहून निघण्यापूर्वीच आम्हाला दहा जणांनी सांगितले होते. अल इत्तिहाद रस्त्यावरच्या सकाळच्या गर्दीबद्दल मात्र कोणी बोलले नाही. नोकरी दुबईत आणि बिऱ्हाड शारजात असले की माणूस फजर पढून लगेच निघतो, परततो तेव्हा मुले पेंगुळलेली. वाचलेले दिरहम गावी जातात हे खरे. पण मग बायको-मुलांना इथे आणायचे कशासाठी?

देरा पाहिला. बाजार पायाशी, आणि अब्रा नावेने एका दिरहमात खाडीपलीकडे बर दुबईला जाता येते. पण परवडणाऱ्या खोल्या अंधाऱ्या. करामा आवडला, परवडला नाही. अखेर अल कुसैस ठरले. भारतीय शाळा जवळ, २०११ पासून मेट्रोची हिरवी लाइन आणि मशीद पाच मिनिटांवर. ही पाच मिनिटे जुलैत चालून पाहावीत, जानेवारीत सगळेच जवळ वाटते!

भाडे वर्षाचे ठरते आणि पुढच्या तारखांच्या चेकने द्यावे लागते. चेक जितके कमी, तितकी घासाघीस करता येते. एसीच्या थंडाव्याचा खर्च भाड्यात आहे का, हे आधी विचारावे. करार 'एजारी'त नोंदवून घ्यावा. शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के पालिकेचा आकार वीज-पाण्याच्या बिलातून दरमहा वसूल होतो, तोही हिशेबात धरावा.

आमची एक खोली पश्चिमेला आहे, दुपारी भट्टीसारखी तापते. तिथे आम्ही कपाटे ठेवली आहेत.