टोचणे, बोचणे, सलणे

विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजीच्या पुस्तकात तुम्हाला 'पिअर्स' हे क्रियापद भेटले असेल. त्याचा मराठी अर्थ शोधू लागलात, तर एक नव्हे, अनेक शब्द समोर येतात : टोचणे, भोसकणे, भोक पाडणे, विंधणे, छेदणे, भेदणे. मग प्रश्न पडतो, यांतला कोणता शब्द घ्यावा? कोणताही घेतला तर चालेल का? नाही, चालणार नाही. डॉक्टर बाळाला लस टोचतात; 'डॉक्टरांनी बाळाला भोसकले' असे कोणी लिहिले तर वाचणारा घाबरून जाईल! सुई आणि सुरा या दोन्हींना टोक असते, पण त्यांची कामे वेगळी आणि म्हणून त्यांची क्रियापदेही वेगळी.

हा फरक मी शिकलो तो पुण्याच्या मंडईत. आमच्या घरी उर्दू बोलली जाई, शाळाही उर्दू माध्यमाची. मराठी शिकण्याची माझी ठिकाणे दोन : एक वर्ग आणि दुसरे अब्बांचा कांदे-बटाट्यांचा गाळा.

पुण्यास गेलात तर मंडई अवश्य पाहा. मधोमध अष्टकोनी इमारत, तिच्यावर उंच मनोरा आणि चहूबाजूंना पसरलेल्या ओवऱ्या. ही इमारत १८८६ साली सुरू झाली. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. पुणेकर मात्र नुसते 'मंडई' म्हणतात.

या मंडईत टोकदार वस्तूंना तोटा नाही. हमाल पोत्याचे तोंड शिवतो ते दाभणाने. दाभण म्हणजे जाड, लांब सुई. तिच्यात सुतळी ओवलेली असते. हारवाला झेंडूची फुले लांब सुईने ओवतो. फूल टोचले जाते खरे, पण आपण 'फुले टोचली' म्हणत नाही, 'फुले ओवली' म्हणतो. कारण तेथे भोक पाडणे हा हेतू नाही, जोडणे हा हेतू आहे. पाहिलेत? क्रिया तीच, पण हेतू बदलला की शब्द बदलला.

वांगी निवडताना देठाचे काटे बोटांना बोचतात. बोचणे म्हणजे वरवर लागणे. हात मागे घेतला की संपले. म्हणून थंडी बोचते, वारा बोचरा असतो आणि एखाद्याची टीकाही बोचरी असते. पावसाळ्यात हातगाडीचे चाक चिखलात रुतते. अनवाणी पायात काटाही रुततो. रुतणे म्हणजे आत जाऊन अडकून बसणे. धान्याचे कुसळ डोळ्यात गेले तर ते खुपते. आणि शेजाऱ्याची भरभराट पाहवत नसेल, तर तीही डोळ्यात खुपते!

आता एक प्रसंग सांगतो. मी आठवीत असताना एका वक्तृत्व स्पर्धेसाठी माझे नाव गेले होते. भाषण मराठीत करायचे होते. माझे नाव आणि शाळेचे नाव पुकारले गेले. मी व्यासपीठाकडे निघालो, तोच मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "याला कुठली मराठी येणार!" दोन-चार जण हसले. मी भाषण केले, टाळ्याही मिळाल्या. पण घरी परतल्यावर माझ्या कानांत टाळ्या नव्हत्या, ते एकच वाक्य होते.

आठवडा गेला तरी मी गाळ्यावर गप्प गप्पच असे. गिऱ्हाइकांशी बोलायलाही नको वाटे. आमच्या शेजारी पालेभाजी विकणाऱ्या एक आजी बसत. एके दिवशी मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्यांनी विचारले, "काय रे बाळा, हल्ली तोंड का मिटलंस?"

मी सारे सांगितले आणि म्हणालो, "आजी, ते बोलणं मला फार बोचलं."

आजी म्हणाल्या, "बोचलेलं आठ दिवस राहतं होय? बोचलं की माणूस 'आई गं' म्हणतो अन् कामाला लागतो. तुझं तसं नाही. तुझा काटा आत मोडलाय. तो सलतोय."

"मग काय करू?"

"पायातला काटा कशानं काढतात? सुईनंच ना? ती पण टोचतेच. पण तिला भिऊन पाय झाकून ठेवलास, तर चालायचं कसं? बोल की मराठी! चांगली बोलतोस."

सलणे हा शब्द मला त्या दिवशी कळला. शब्दाचा अर्थ कळला आणि दुखणे कोठे आहे तेही कळले. पुढच्या वर्षी मी त्याच स्पर्धेला पुन्हा उभा राहिलो. पाय थरथरत होते, पण उभा राहिलो.

मित्रांनो, आपल्याला तर शब्दांची दोन घरे आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहा, मोठी गंमत वाटेल. उर्दूतील 'सूई' आणि मराठीतील 'सुई' सख्ख्या बहिणी. 'बींधना' आणि 'विंधणे' हेही एकाच कुळातले. जमिनीला खोल भोक पाडून पाणी काढतात ती विंधन विहीर. ग्रहताऱ्यांचा वेध घेतात ती वेधशाळा. 'वेध' हा शब्दही त्याच कुळातला. मात्र काही शब्द दिसायला सारखे असून अर्थाने वेगळे असतात. उर्दूत 'छेद' म्हणजे भोक. मराठी गणितात अपूर्णांकाच्या रेघेखालचा अंक म्हणजे छेद. दोन रस्ते किंवा दोन रेषा एकमेकींना छेदतात, तेव्हा कोठेही भोक पडत नाही. उर्दूत 'भेद' म्हणजे गुपित. मराठीत भेद म्हणजे फरक. आणि भेदणे म्हणजे कठीण अडथळा फोडून पार जाणे. किल्ल्याचा तट भेदतात. मंडईच्या जमिनीखालीही खडक भेदून बोगदा काढला आणि २०२४ मध्ये तेथले भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले.

मराठीत एक म्हण आहे : सोनारानेच कान टोचावेत. चूक दाखवायची तर ती जाणत्याने आणि आपुलकीने दाखवावी, असा तिचा अर्थ. सोनारही टोचतो, पण कान दुखवण्यासाठी नव्हे, त्यात दागिना घालता यावा म्हणून. तुमच्या वर्गात एखादा मुलगा अडखळत मराठी बोलेल, एखादी मुलगी चुकीचा शब्द वापरेल. तेव्हा हसू नका. सुधारायचे असेल तर सोनारासारखे सुधारा. हसणारा घटकाभराने विसरतो. ज्याला हसले त्याच्या मनात मात्र ते वर्षानुवर्षे सलत राहते.

आणि तुम्हाला कोणी हसलेच, तर आजींचे बोलणे आठवा. काटा काढायचा आणि चालू लागायचे.