हाकेच्या उंचीवर

इमारत पुनर्विकासाला गेली की गिरगावातल्या घराघरात एकच विषय निघतो: बिल्डरकडून भाडं घेऊन थांबायचं, की पागडीची खोली मोकळी करून दुसरीकडे घर घ्यायचं? आमचीही इमारत गेली. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे, त्यामुळे थांबणं आमच्या हिशेबात बसत नव्हतं. विरार-डोंबिवलीला त्याच पैशांत ऐसपैस जागा मिळाली असती. तरी गिरगाव, दादर, परळ, लालबाग यांच्या पलीकडे बघायचं नाही, हे घरात न बोलताच ठरलं होतं.

गिरगाव सोडणं सगळ्यांत जड. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, केळेवाडीत साहित्य संघ आहे, चौपाटीचा वारा संध्याकाळी थेट वाडीत शिरतो. आणि सासूबाईंची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. सकाळी भाजीवाल्याची आरोळी आली की त्या दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या. "कोथिंबीर कोवळी दे रे, कालची काळी पडली होती!" त्याने जुडी, लिंबं टाकली, उरलेली चिल्लर कागदात गुंडाळून ठेवली की टोपली डुलत वर निघायची. दुसऱ्या मजल्यावर ती क्षणभर थांबे. खालच्या काकू तिच्यातलं एक लिंबू काढून घेत आणि वर बघून हसत. त्या लिंबांचा हिशेब कोणी ठेवला नाही. तिथल्या नव्या इमारतींचे दर मात्र आमच्या आवाक्यातले नव्हते.

दादर मला फार आवडतं. १८९६च्या प्लेगने मुंबई हादरली, त्यानंतर १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि वारा-उजेडाचा विचार करून आखलेल्या वस्त्या दादर-माटुंग्याला उभ्या राहिल्या. हिंदू कॉलनीतल्या जुन्या गल्लीतून आजही चालावं: झाडं इमारतींच्या बरोबरीची, बाल्कनीतल्या माणसाचा चेहरा रस्त्यावरून ओळखू येतो. पण दादरला भाव विचारून आम्ही मुकाट्याने फूलबाजारातून शेवंती घेतली आणि घरी आलो.

परळचा विचार सगळ्यांत शहाणपणाचा होता. केईएम रुग्णालय १९२६ पासून, टाटा रुग्णालय १९४१ पासून, शेजारी वाडिया; म्हातारं माणूस घरात असलं की दवाखान्याचं अंतर मोजावंच लागतं. घर पाहायला आम्ही मुद्दाम जुलैत, भरतीची वेळ बघून गेलो. घर पावसाळ्यातच बघा, हे माझं सगळ्यांना सांगणं असतं. बेटांमधल्या खाजणात भराव घालून ही मुंबई जोडली गेली आणि पावसाचं पाणी ते सखल भाग अजून विसरलेलं नाही. परळजवळच्या हिंदमाता चौकात तुंबणारं पाणी साठवायला महापालिकेने प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली मोठाल्या टाक्या बांधल्या, तरी जोराच्या पावसात आपली पावलं तिथे आपसूक जपून पडतात.

जुन्या कापड गिरणीच्या जागेवरच्या एका टॉवरमध्ये सॅम्पल फ्लॅट पाहिला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे जवळपास अडीच लाख कामगार उभे राहिले. त्यातल्या कित्येकांच्या हातात पुढे ना काम आलं, ना घर. त्या जमिनीवर आता लिफ्टमध्ये गार हवा असते. "पहिलं घर कितव्या मजल्यावर?" मी विचारलं. नवव्या, विक्रेता म्हणाला. खालचे सगळे मजले पार्किंगचे. सासूबाई बंद काचेपाशी गेल्या, खाली बघितलं, म्हणाल्या, "माणसं दिसतायत गं, पण कोण आहेत ते कळत नाही."

त्या वाक्यानंतर आमचा शोध बदलला. वस्ती कोणती, याच्या जोडीला मजला कितवा हेही बघायला लागलो. चार मजल्यांपर्यंत हाक पोचते. खाली कोणी पडलं, भांडलं, वाजतगाजत वरात आली, कोणी गेलं, तर तेवढ्या उंचीवरच्या घराला ते कळतं आणि माणूस चपला घालून खाली उतरतो. नेमके तेच मजले आज आपण मोटारींना देऊन बसलो आहोत. गल्लीत राहणारं माणूस गल्लीच्या वर नेऊन ठेवायचं आणि पत्त्यावर मात्र गल्लीचंच नाव लिहायचं, हे मला सहन होत नाही.

लालबाग माझं माहेर, म्हणून बोलायला संकोच वाटत होता. सासूबाईंना एप्रिलच्या दुपारी मसाल्याच्या बाजारात घेऊन गेले. बेडगी आणि संकेश्वरी मिरच्यांचे ढीग, बायकांच्या हातात घरच्या मसाल्याची मापं लिहिलेल्या चिठ्ठ्या, कांडपाचा धपधप आवाज, आणि सगळी गल्ली शिंकत असलेली. एका अनोळखी बाईने सासूबाईंच्या चिठ्ठीत डोकावून सांगितलं, "आजी, दगडफूल जास्त होतंय." दोघी तिथेच धण्यांच्या भाजणीवरून बराच वेळ वाद घालत उभ्या राहिल्या.

तिथून जवळच एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. ते लहान आहे, पाणी ठरावीक वेळेला येतं, गणपतीच्या दिवसांत स्वतःच्या दारापर्यंत पोचायला गर्दीतून वाट काढावी लागते. हीही इमारत कधीतरी पुनर्विकासाला जाईल. तेव्हा सोसायटीच्या सभेत मी एकच मागणी लावून धरणार आहे: पार्किंग कुठेही न्या, पण खालचे काही मजले घरांसाठी ठेवा आणि ते आधी म्हाताऱ्यांना द्या.