धनराज पिल्ले : कीर्ती आणि पगार



धनराज पिल्ले यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी पुण्याला लागून असलेल्या खडकीत झाला. घर तमिळ. वडील नागलिंगम हे दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करत. आईचे नाव अंदालम्मा. पाच भावांत धनराज चौथे. घरात पैशाची चणचण कायमची, म्हणून या मुलाच्या पायगुणाने तरी धन येवो अशा आशेने आईवडिलांनी हे नाव ठेवले, असे सांगतात. नाव सार्थ झाले की नाही, याचे उत्तर त्यांच्या पुढच्या आयुष्यात आहे आणि ते सरळ नाही.

खडकी हे हॉकीचे गाव का झाले, हे आधी पाहायला हवे. ब्रिटिशांनी १८६९ मध्ये तिथे दारूगोळ्याचा कारखाना काढला. छावणीत पलटणी होत्या आणि पलटणींबरोबर हॉकी आली. क्रिकेटला खेळपट्टी लागते, साहित्य लागते; हॉकीला सपाट जागा आणि काठी पुरते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या ध्यानचंदांच्या संघात पुण्याचे बाबू निमल होते, म्हणजे परंपरा जुनी. कारखान्याच्या वसाहतीत संध्याकाळी पोरे जमायची ती याच खेळासाठी. पिल्ले बंधूंना नवी स्टिक परवडत नसे. मोठ्यांनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिका आणि फेकलेले चेंडू यांवर त्यांचा सराव झाला, तोही पावसात चिखल होणाऱ्या मऊ जमिनीवर. अशा जमिनीवर चेंडू नीट घरंगळत नाही, उसळतो, अडकतो. त्याला स्टिकेपासून दूर जाऊ दिले तर तो गेलाच. चेंडू स्टिकेशी ठेवून भरधाव धावायची धनराजांची सवय तिथली. वाराणसीचे महंमद शाहिद हे त्यांचे दैवत. शाहिद जसे चेंडू स्टिकेला चिकटवून बचावपटूंच्या गर्दीतून निघायचे, तसे निघण्याचा प्रयत्न हा मुलगा करी.

थोरले भाऊ रमेश मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडून खेळत होते आणि भारताकडूनही खेळलेले होते. १९८० च्या दशकाच्या मध्यात धनराज त्यांच्याकडे मुंबईला गेले. तिथून महिंद्र अँड महिंद्रच्या संघात आले आणि १९८४ चे ऑलिंपिक खेळलेले जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली तयार झाले. त्या काळात हॉकीपटूची कमाई म्हणजे कंपनीचा पगार. रेल्वे, इंडियन एअरलाइन्स, इंडियन ऑइल, पंजाब पोलीस, लष्कर आणि मुंबईतल्या मोठ्या कंपन्या आपापले संघ ठेवत. खेळाडू कागदोपत्री कर्मचारी. सकाळी मैदानावर, नावाला टेबलावर, आणि आगा खान किंवा बेटन चषकात कंपनीच्या रंगात. या व्यवस्थेत महिन्याकाठी पगार येतो, म्हातारपणी निवृत्तिवेतनाची सोय होते. पण खेळाचे मोल ठरवणारा बाजार मात्र नसतो. उत्तम आघाडीपटू आणि बरा आघाडीपटू यांच्या पगारात फरक पडतो तो बढतीने, आणि बढतीला वर्षे लागतात.

तुलनेसाठी कॅनडात बर्फावरची हॉकी खेळणारा मुलगा घेऊ; त्याची वाट याच्या उलटी आहे. तिथे वयाची पंधरा-सोळा वर्षे गाठताच निवड सुरू होते. कॉनर मॅकडेव्हिड याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १३ जानेवारी १९९७ ला आँटॅरिओत जन्मलेल्या या मुलाला २०१२ मध्ये, पंधराव्या वर्षी, असामान्य खेळाडू म्हणून वयाची अट शिथिल करून ज्युनियर लीगमध्ये घेतले गेले आणि ईरी ऑटर्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. २०१५ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या निवडीत एडमंटन ऑइलर्सने पुन्हा पहिलाच क्रमांक त्याला दिला. पहिल्याच हंगामात गळपट्टीचे हाड मोडले, तरी २०१६ च्या ऑक्टोबरात एकोणिसाव्या वर्षी तो संघाचा कर्णधार झाला, तोवरच्या एनएचएलमधला सर्वांत तरुण. पुढल्या उन्हाळ्यात आठ वर्षांसाठी दहा कोटी डॉलरचा करार झाला. खेळाडू कोण, किंमत किती, दुखापत झाली तर काय, हे सगळे कागदावर ठरलेले. त्या कागदाच्या मागे बत्तीस संघांची लीग, तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क आणि खेळाडूंची संघटना उभी आहे.

दोन्ही खेळांत एक गमतीची गोष्ट सारखी आहे. मैदानी हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि बर्फावरची रबरी चकतीही साधारण १५६ ते १७० ग्रॅमची. बाकी खेळ वेगळा: तिकडे ६१ मीटर लांब बर्फावर सहा-सहा खेळाडू, मिनिटभरही न टिकता पाळीपाळीने आत-बाहेर करणारे, इकडे ९१ मीटरच्या मैदानावर अकरा-अकरा, आणि धनराजांच्या सुरुवातीच्या दिवसांत तर ज्याला बाहेर काढले तो परत येत नसे. खेळाडूंची मुक्त अदलाबदल १९९२ नंतर आली, ऑफसाइडचा नियम १९९० च्या दशकाच्या अखेरीस गेला. वेगवान आघाडीपटूला दोन्ही बदल फायद्याचे ठरले. भारतात बर्फावरची हॉकीही आहे, पण ती लेहच्या गोठलेल्या तळ्यांवर. भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सभासद झाला तो १९८९ मध्ये, आणि योगायोग असा की धनराजांनी भारतीय संघात पाऊल टाकले तेही त्याच वर्षी.

ते पाऊल दिल्लीत झालेल्या ऑल्विन आशिया चषकात पडले, डिसेंबर १९८९ मध्ये. तिथपासून ऑगस्ट २००४ पर्यंत ते ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. चार ऑलिंपिक (१९९२, १९९६, २०००, २००४), चार विश्वचषक (१९९०, १९९४, १९९८, २००२), चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा, असा हिशेब दुसऱ्या कुणा हॉकीपटूच्या नावावर नाही. गोल किती, याची मात्र भारतीय हॉकी संघटनेने नोंदच ठेवली नाही. स्वतः धनराज १७० च्या वरचा आकडा सांगतात. ज्या देशात क्रिकेटपटूच्या चौकारांचाही हिशेब ठेवतात तिथे राष्ट्रीय खेळ म्हणवल्या जाणाऱ्या खेळातल्या अव्वल आघाडीपटूचे गोल त्याला स्वतःला मोजावे लागावेत, ही लाजेची गोष्ट आहे. १९९४ च्या सिडनी विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात भारतीय एकच होता, आणि तो धनराज.

पैशाची बाजू त्यांनी परदेशात सावरली. लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधला लिऑनचा क्लब, जर्मनीचा स्टुटगार्टर किकर्स, मलेशियातले दोन संघ, ढाक्याचा अबाहनी, हाँगकाँगचा खालसा क्लब अशी त्यांच्या संघांची यादी आहे. युरोपातल्या नि मलेशियातल्या क्लबांना मोसमापुरता पाहुणा खेळाडू लागे. भारतीय ड्रिबलिंगला तिकडे मागणी होती. म्हणजे व्यावसायिक हॉकी धनराज खेळले खरे, पण ती देशाबाहेर आणि तुकड्या-तुकड्यांत. एकाच क्लबात दहा वर्षे मुरण्याची सोय मॅकडेव्हिडला आहे, ती त्यांना कधीच नव्हती. घरच्या कंपनीत पगार, परदेशी क्लबात मोबदला आणि देशासाठी खेळताना भत्ता, तोही वेळेवर मिळेल याची खात्री नाही, अशी ही तीन खिशांची मिळकत होती.

याचा सगळ्यात कडू अनुभव सर्वांत मोठ्या विजयानंतर आला. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला आशियाई स्पर्धेत धनराज कर्णधार होते, प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी. निर्धारित वेळ आणि जादा वेळ संपली तेव्हा १-१ अशी बरोबरी होती. मग पेनल्टी स्ट्रोक. गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी कोरियाचे फटके अडवले आणि भारत ४-२ ने जिंकला. आशियाई सुवर्ण १९६६ नंतर पहिल्यांदा, बत्तीस वर्षांनी. देशभर फटाके वाजले. पुढच्या मालिकेचा संघ जाहीर झाला तेव्हा धनराजांसह सात ज्येष्ठ खेळाडू त्यात नव्हते. कारण दिले ते विश्रांतीचे. खेळाडूंनी थकलेला भत्ता आणि मिळालेली वागणूक यांबद्दल उघड बोलण्याची हिंमत केली होती, आणि ‘विश्रांती’चा अर्थ त्या वेळी सर्वांना कळला. कौशिकांनाही पद सोडावे लागले. करार नसला की खेळाडूला भांडायला पाय टेकायला जागा नसते. एनएचएलमधल्या खेळाडूंनी भत्त्यासाठी आवाज उठवला असता तर त्यांच्या संघटनेचा वकील पुढे झाला असता. धनराजांच्या मागे होती ती फक्त वर्तमानपत्रे.

स्वभावही तसाच. मैदानावर पंचांशी, मैदानाबाहेर पदाधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत. लांब केस, मोठ्याने बोलणे आणि राष्ट्रगीताला भरून येणारे डोळे. कुणाला ते उद्धट वाटले, कुणाला एकटेच खरे बोलणारे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण हॉकी संघटनेच्या कारभाराकडे पाहिले तर दुसरे जास्त खरे वाटते. १९९९-२००० चा राजीव गांधी खेलरत्न त्यांना मिळाला, पद्मश्री मिळाली.

२००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरी हातातोंडाशी आली होती. पोलंडला हरवले की काम झाले. भारत १-० ने पुढे होता आणि शेवटची दोनेक मिनिटे राहिली असताना पोलंडने बरोबरी साधली. भारत सातवा आला. धनराज त्या दिवशी मैदानावरच रडले. २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत चौथा राहिला, पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू चौतिसाव्या वर्षी तेच ठरले. २००३ मध्ये क्वालालंपूरला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ ने हरवून पहिल्यांदाच आशिया चषक घेतला. २००४ चे अथेन्स ऑलिंपिक शेवटचे. जर्मन प्रशिक्षक गेरहार्ड राख यांच्या संघात त्यांचा बराच वेळ बाकावर गेला, पुन्हा सातवा क्रमांक, आणि कारकीर्द संपली. त्या संघात खडकीचेच विक्रम पिल्लेही होते.

देशात पैशाची लीग आली ती त्यांचे पाय थकल्यावर. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीगचा पहिला हंगाम हैदराबादेत गच्चीबावलीला झाला. धनराज त्यात मराठा वॉरियर्सचे कर्णधार होते. २०१२ च्या वर्ल्ड सीरिज हॉकीत ते कर्नाटक लायन्सकडून खेळले. वय त्रेचाळीस, कर्णधार कोडगूचे अर्जुन हालप्पा, आणि तरी दोन गोल. दोन्ही लीग फार टिकल्या नाहीत. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली. तिच्या पहिल्या लिलावात सरदारसिंगला दिल्लीने ७८ हजार डॉलरला घेतले. २०१७ नंतर तीही थांबली, आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा उभी राहिली तेव्हा हरमनप्रीतसिंगला ७८ लाख रुपये मिळाले. या वेळी स्त्रियांचीही लीग निघाली. उदिता दुहानची बोली ३२ लाखांवर गेली. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके, जी हांगचाऊ आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकणाऱ्या भारतीय संघात होती, ती याच पिढीतली.

धनराज पुढे एअर इंडियात अधिकारी होते आणि मुलांना शिकवत राहिले. कंपनीच्या नोकरीने शेवटपर्यंत साथ दिली ती अशी. त्यांचे चरित्र संदीप मिश्र यांनी इंग्रजीत लिहिले आहे. पुस्तकाच्या नावातच आईची क्षमा मागितली आहे.