थोमाचे आठ दिवस

ख्रिस्ती घरांत कोणी फार शंका काढूं लागलें कीं त्यास ‘संशयी थोमा’ म्हणून गप्प बसविण्याची चाल आहे. आम्हांस ही चाल रुचत नाहीं. लाजराच्या मरणानंतर प्रभु पुनः यहूदीयांत जावयास निघाला, तेव्हां तेथें दगडमाराचें भय होतें. अशा वेळीं त्याच्याबरोबर मरणाचीही तयारी बोलून दाखविणारा शिष्य हाच थोमा. शेवटच्या भोजनाच्या रात्रीं, प्रभूचा मार्ग आपणांस ठाऊक नाहीं हें उघड सांगणाराही हाच. इतरांस तरी तो कोठें ठाऊक होता? ते गप्प बसले इतकेंच. (वर्गांतही असेंच होतें. समजलें का म्हणून विचारतांच चाळीस माना डोलतात. एखादा उभा राहून नाहीं म्हणतो, आणि त्याच्या कृपेनें चाळिसांस धडा समजतो.)

पुनरुत्थानाच्या सायंकाळीं दारें लावून बसलेल्या शिष्यांस प्रभु दिसला, त्या वेळीं थोमा तेथें नव्हता. सोबत्यांच्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसेना. त्यानें पुरावा मागितला, तोही तेजाचा किंवा चमत्काराचा नव्हे, तर खिळ्यांच्या व्रणांचा. पुढें आठ दिवसांनीं प्रभु पुनः आला. काराव्हाज्जो नामक इटालियन चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्रांत थोमाचें बोट जखमेंत शिरलेलें दाखविलें आहे; परंतु त्यानें स्पर्श केला असें योहान कोठेंच लिहीत नाहीं.

आमचें मन मात्र मधल्या आठ दिवसांवर खिळतें. त्यांविषयीं शास्त्रांत एक अक्षरही नाहीं. दहा जण आनंदांत, आणि त्यांच्यामध्यें एकाच्या मुखीं आनंदाचा शब्द नाहीं. तरी आठव्या दिवशीं तो त्याच घरांत, त्यांच्याच पंक्तीस आहे! त्यांनीं त्यास घालवून दिलें नाहीं आणि तोही उठून गेला नाहीं.

कांहींचे आठ दिवस फार लांबतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. त्यानंतरही त्रैक्य व ख्रिस्ताचें देवत्व यांविषयीं तेथील आपल्या ख्रिस्ती शिक्षिकेशीं त्यांचा पत्रांतून निकराचा वाद चालला. १९०७ सालच्या आपल्या साक्षींत त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षें आपणांपाशीं धर्म होता, पण ख्रिस्त गवसला नव्हता. त्या अवधींतच, १८८९ सालीं, त्यांनीं मुंबईस शारदासदन काढून विधवांस आश्रय दिला. ज्या ग्रंथाविषयीं इतके प्रश्न केले, तोच मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठींत आणण्यांत त्यांचीं अखेरचीं वर्षें केडगांवीं गेलीं.

आमच्या घरींही असे दिवस आले. आमचा तीन वर्षांचा मुलगा तापानें गेला. मंडळीनें रात्रभर प्रार्थना केली होती. पुढें वर्षाहून अधिक काळ आम्ही उपासनेस बसत होतों, गीतांच्या वेळीं ओठ हालवीत होतों, शाळेंत शास्त्राचा तास घेत होतों. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, प्रार्थना ऐकली जाते हें आपणांस कसें कळतें?” आम्हीं म्हटलें, “बाळ, आज आम्हांस तें सांगतां येत नाहीं. उद्यां ये, पुढचा अध्याय वाचूं.” तो आला. त्याचे वडील रुग्णालयांत आहेत हें आम्हांस मागाहून कळलें.

त्या काळांत ‘देवाची इच्छा’ म्हणून समजूत घालणारे पुष्कळ भेटले. मंडळींतील एक वृद्ध बाई मात्र रोज संध्याकाळीं येई, मुलाच्या आईजवळ बसून तांदूळ निवडूं लागे, आणि दिवा लागला कीं उठून जाई. देवाचें नांव तिनें काढिलें नाहीं. आम्हांस व्रण दिसले नाहींत, बंद दारांतून कोणी आलें नाहीं. मात्र पुढें एका साध्या रविवारीं गीत म्हणतां म्हणतां आम्ही तें खरोखरच म्हणत आहों असें ध्यानांत आलें. तें केव्हांपासून, हें सांगतां येणार नाहीं. न पाहतां विश्वास ठेवणारांस प्रभूनें धन्य म्हटलें. किती दिवसांत, हें त्यानें म्हटलें नाहीं.

ती बाई आतां फार थकली आहे. तिला सुपांतले खडे दिसत नाहींत. संध्याकाळीं आम्ही उभयतां तिच्या घरीं जाऊन बसतों.