मुंबई ते अँटवर्प : एक अंतर, अनेक मोजमापे

हिऱ्यांच्या व्यापारामुळे अँटवर्प हे नाव आपल्या अनेक घरांत मुंबई, सुरत, पालनपूर यांच्याच ओळीने घेतले जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालनपूरकडील जैन कुटुंबे बेल्जियममधील या बंदराच्या शहरी गेली आणि तेथेच स्थिरावली. शहराच्या विल्राइक भागात आज संगमरवरी जिनालय उभे आहे. मग हे शहर आपल्यापासून नेमके किती दूर?

सरळ मापाने सुमारे ६,९०० किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर वाट होर्मुझची सामुद्रधुनी व तुर्कस्तान यांवरून जाईलसे वाटते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला, की तो उत्तरेकडे झुकतो आणि पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र असा जातो. हीच खरी जवळची वाट. परंतु आकाशालाही सीमा असतात. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. वळसा पडला, की अंतर आणि वेळ दोन्ही वाढतात.

मोठ्या विमानांसाठी जवळचा विमानतळ ब्रसेल्सचा. तेथून अँटवर्प आगगाडीने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. २००७ ते २०१६ या काळात जेट एअरवेजचे विमान मुंबईहून थेट ब्रसेल्सला उतरत असे. न थांबता गेल्यास साधारण साडेनऊ तास. मध्ये विमान बदलावे लागले, तर बारा ते पंधरा. उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून परतीचा प्रवास सहसा लवकर आटोपतो.

व्यापारी मात्र हे अंतर घड्याळाने मोजतो. बेल्जियम हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. तिकडे सकाळी नऊला पेढी उघडते, तेव्हा हिवाळ्यात मुंबईत दुपारचा दीड वाजलेला असतो. सौद्याची बोलणी उरलेल्या दिवसातच उरकावी लागतात.

चौविहार पाळणाऱ्यासाठी मोजमाप आणखी निराळे आहे. मुंबईचा सूर्यास्त वर्षभरात सहा ते सव्वासातच्या सुमारास फिरतो. अँटवर्पमध्ये तो जूनमध्ये रात्री दहाला आणि डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारच्या थोडे पुढे! डिसेंबरात सूर्योदयच पावणेनऊच्या सुमारास. म्हणजे नवकारसी साडेनऊनंतर, आणि सात तासांत दिवसाचे सारे खाणेपिणे संपवायचे. दुपारी विमान पश्चिमेकडे निघाले, तर सूर्य मावळता मावळत नाही. परतताना मात्र तो पाहता पाहता बुडतो. अशा वेळी मनगटावरील घड्याळ कामाचे नाही, खिडकीबाहेर पाहावे लागते. वडीलधाऱ्यांना नातवंडांकडे पाठवताना महिना निवडावा तो म्हणूनच विचारपूर्वक. मार्च किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात दोन्हीकडे दिवस जवळजवळ बारा तासांचा असतो. नियम सांभाळणे तेव्हा सुकर होते.

तिकिटावर प्रवासाचे तास छापलेले असतात. पोहोचल्यावर केव्हा जेवायचे आणि केव्हा मुंबईला फोन करायचा, हे मात्र घरच्यांनी आधीच बसून ठरवावे. तेवढी तयारी असली, की ६,९०० किलोमीटर पुष्कळ कमी वाटतात.