आटे

आमच्या घरी एक पद्मिनी आहे. एवढेच वाक्य बोलून थांबलो तर पाहुणे चमकून माझ्या पत्नीकडे पाहतात. म्हणून 'मोटार' हा शब्द मी हल्ली आधी उच्चारतो. १९८६ सालची ही दुधी रंगाची गाडी वडिलांनी घेतलेली. मुंबईत या जातीची शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने रस्त्याचा निरोप घेतला. आमची मात्र मागल्या अंगणात बदामाच्या झाडाखाली अजून उभी आहे.

वडील गेल्यावर ती विकावी असे दादाचे म्हणणे होते, ठेवावी असे माझे. वाद एका संध्याकाळचा. पण त्यात आम्ही घराची वाटणी, आईचे आजारपण आणि लहानपणची सायकल असे सारे ओढून आणले. गाडी माझ्याकडे राहिली. दादाशी बोलणे मात्र राहिले नाही. त्याला चार वर्षे झाली.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी तापू लागली. तेलाची पट्टी काढून पाहिली, तो तेलाला दुधाच्या चहाचा रंग आलेला. हेडखालचे गास्केट जाऊन पाणी तेलात उतरले होते. या गाडीचा जाणता मिस्त्री गावात आता उरलेला नाही. पूर्वी वडील हे काम अंगणातच करीत. दादा पाने देत असे आणि मी दिवा धरीत असे. दिवा धरणाऱ्याला सगळे काम आपल्याला येते असे वाटत असते. मी बाह्या सरसावल्या.

पाणी काढले, बॅटरीची तार सोडली, पेट्रोलची नळी बंद केली, कार्ब्युरेटर उतरवला. येथवर कादंबरीच्या पहिल्या प्रकरणासारखे सारे सुरळीत झाले. मग मॅनिफोल्डचे नट आले. इंजिनातला जळका धूर ज्या बिडाच्या नळीतून सायलेन्सरकडे जातो, तिचे हे नट वर्षानुवर्षे भाजून गंजलेले. लोखंड गंजले की फुगते. गंजाला मूळ लोखंडाहून अधिक जागा लागते, आणि आट्यांत तर केसाएवढीही जागा नसते. वर्गात हट्टी मुलगा ऐकेनासा झाला की मी आवाज चढवतो. येथे मी पान्याच्या दांड्यात पाइप घातला आणि अंगाचा सारा भार टाकला. 'टक्' असा आवाज झाला. नट फिरला म्हणून मी खूश झालो. नट फिरला नव्हता, स्टड तुटला होता.

त्या नटांना तसेच सोडून मी हेडकडे वळलो. त्याचे नट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करीत काढले. एकदम काढले तर अॅल्युमिनियमचे हेड वाकते. नट निघाले, हेड हलेना. हेड अॅल्युमिनियमचे, स्टड पोलादाचे. या दोन धातूंमध्ये पाणी शिरले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते, आणि त्याची पांढरी भुकटी स्टडभोवती पाचरीसारखी बसते. मी मोठा पेचकस आणला आणि त्याचे टोक सांध्यात टेकवले. एक ठोका, की हेड उचकटणार. पण त्या गुळगुळीत अंगाला चरा पडला, की तेथून पाणी गळत राहणार.

मी पेचकस खाली ठेवला आणि दादाला फोन केला.

"मी बोलतोय."

"कळलं."

"हेड निघत नाही."

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "पेचकस घातलास?"

"नाही."

"घालू नकोस. स्टडच्या भोवती तेल सोड, सकाळ-संध्याकाळ. रविवारी येतो."

चार दिवस मी देवाला पाणी घालावे तसे तेल घातले.

दादा आला. चहाला बसलासुद्धा नाही. पेट्रोलची नळी नीट बंद आहे ना, हे त्याने दोनदा विचारले. मग मॅनिफोल्डचा एक नट चांगला तापवला आणि त्याला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढले गेले. पाना लावून तो नट आवळू लागला.

"उलटं फिरवतोयस," मी म्हणालो.

"आधी आवळायचं. तसूभर. धरलेला गंज तडकतो."

मग पाव वेढा सोडायचा, पुन्हा आवळायचा, पुन्हा सोडायचा. कुरकुर करीत नट त्याच्या हातात आला.

हेडला त्याने लाकडी हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोकले. नट चार आट्यांपुरते बसवले, बॅटरी जोडली आणि मला स्टार्टर फिरवायला सांगितले. पिस्टननी खालून हवा रेटली आणि हेड केसभर उचलले गेले. ज्याला बाहेरून उचकटायला मी निघालो होतो, ते आतून सुटले.

हेड हातात घेतल्यावर तुटका स्टड त्याच्या नजरेस पडला.

"कुणी तोडला?"

"मी."

त्याने शेजारच्या स्टडवर बोट ठेवले. त्याचा रंग निराळा होता. "हा बाबांनी तोडला होता. तू तेव्हा दिवा धरून झोपला होतास."

माझा तुकडा लेथवाल्याने भोक पाडून काढला. पुढच्या रविवारी आम्ही इंजिन जोडले. मॅनिफोल्डच्या प्रत्येक आट्याला दादा ग्राफाइटचे ग्रीस लावीत होता.

"आता पुन्हा कशाला उघडायचंय?" मी म्हणालो.

"कुणीतरी उघडेलच. त्याला त्रास नको."

वाटणीचा विषय त्या दोन रविवारांत निघाला नाही. आठ दिवसांनी त्याचा फोन आला.

"तापते का?"

"थोडी तापते," मी म्हणालो.

ते खरे नव्हते.