परदेशीं जाणारे आणि आपल्याकडे येणारे

परदेशीं शिकावयास निघालेल्या मुलाला निरोप देण्याचा विधि आतां आमच्या मध्यमवर्गीय घरांतून चांगलाच रूढ झाला आहे. आदल्या रात्रीं सामानाचें वजन तीनतीनदां करून पाहावयाचें, लाडवांच्या डब्यापायीं दोन पुस्तकें बाहेर काढावयाचीं, निघतांना हातावर दहीं घालावयाचें, आणि विमानतळावर आईनें शेवटीं विचारावयाचें, "तेथें तुझी विचारपूस कोण करील रे?" प्रश्न रास्तच आहे. मात्र उलट बाजूनें तो आपण क्वचितच विचारतों. दूरदेशींच्या कोणा आईनें असाच निरोप दिलेला मुलगा आपल्या गांवच्या विद्यापीठांत येतो, तेव्हां त्याची विचारपूस कोण करतें?

हल्लीं पुष्कळ विद्यापीठें स्वतःला आंतरराष्ट्रीय म्हणवून घेतात. परदेशी संस्थांशीं करार होतात, किती मुलें गेलीं व किती आलीं याचे आंकडे माहितीपत्रकांत छापले जातात, आणि वर्षांतून एकदां परदेशी विद्यार्थ्यांना आपापला पोषाख घालून रंगमंचावर उभें करतात. हा शेवटचा प्रकार आम्हांला नेहमींच थोडासा संग्रहालयासारखा वाटत आला आहे. करार वाईट नव्हेत. अमेरिकेंतील डेलावेअर विद्यापीठाच्या रेमंड कर्कब्राइड या प्राध्यापकांनीं १९२३ सालीं आठ विद्यार्थ्यांना फ्रान्सला नेलें, तेव्हां पदवीचें एक वर्ष परदेशांत काढण्याच्या पद्धतीचा तिकडे पाया पडला. परंतु त्या मुलांची सोय फ्रेंच कुटुंबांतून केलेली होती, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. विद्यार्थ्याला परमुलखांत पोंचविणें हें कचेरीचें काम आहे. पुढचें काम कचेरीच्या हातचें नाहीं.

न्यूयॉर्क शहरांतील एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. १९०९ सालीं हॅरी एडमंड्स नांवाच्या गृहस्थांनीं कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्यांवर भेटलेल्या एका चिनी विद्यार्थ्याला जातां जातां सहज अभिवादन केलें. त्या मुलानें थांबून सांगितलें कीं, या शहरांत येऊन आपल्याला तीन आठवडे झाले, आणि आपण होऊन बोलणारे तुम्हींच पहिले. एडमंड्स पतिपत्नी तेव्हांपासून परदेशी विद्यार्थ्यांना रविवारीं घरीं जेवावयास बोलावूं लागलीं. त्या पंगतींतूनच पुढें धाकट्या रॉकफेलरांच्या साह्यानें १९२४ सालीं 'इंटरनॅशनल हाउस' उभें राहिलें. कॅलिफोर्नियांत बर्कली येथें तसेंच घर १९३० सालीं उघडलें, तें मात्र सुखासुखीं नव्हे. निरनिराळ्या वर्णांचीं मुलेंमुली एका छपराखालीं राहणार म्हणून गांवांतील मिळकतदार सभा भरवून विरोधास उभे राहिले. एडमंड्स यांनीं मुद्दामच पीडमॉन्ट रस्त्यावरची जागा धरली होती. त्या भागांतील विद्यार्थिमंडळांच्या घरांत परदेशी व गौरेतर मुलांना थारा नसे. पुण्यांत ज्यानें कधीं भाड्याची खोली शोधली आहे त्याला त्या सभेंतील भाषणें न ऐकतांही ओळखतां येतील!

आनंदीबाई जोशी यांच्या धैर्याची गोष्ट आपण घरोघर सांगतों. पण जिनें दार उघडलें तिला एका वाक्यांत आटोपतों. रोझेल गांवच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असतां त्यांच्या हातीं एक मासिक आलें. त्यांत गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचून त्यांनीं ओळखदेख नसतां पत्र धाडलें. १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, आनंदीबाई अमेरिकेंत उतरल्या त्या याच बाईंच्या घरीं. फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयांतील १८८५ सालचें एक छायाचित्र उपलब्ध आहे. लुगडें नेसलेल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली अशा तिघी त्यांत आपापल्या देशींच्या वेषांत आहेत. पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई १८८७ सालीं पुण्यांत वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, आणि त्यांनीं पोकीप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत तिला जागा दिली.

गेल्या वर्षीं आमची माडीवरची खोली रिकामी झाली, तेव्हां दलालानें टांझानियाचा एक विद्यार्थी आणला. पांच ठिकाणीं नकार मिळाल्याचेंही त्यानें आधींच सांगून टाकलें. थोरल्या बंधूंना शेजाऱ्यांची काळजी, वहिनींना स्वयंपाकाच्या वासाची. दोन दिवस घरांत याच गोष्टीचा खल चालला. अखेर मातुःश्रींनीं बंधूंना एवढेंच विचारलें, "आपला मुलगा जर्मनींत कोणाच्या घरांत राहतो?" मग त्या मुलाला बोलावून त्यांनीं त्याच्या जेवणाची चौकशी केली. भात, मक्याच्या पिठाची उगाली, आणि चपाती. त्यांच्या स्वाहिलींत चपातीला चपातीच म्हणतात, चहाला 'चाई', मोटारीला 'गारी', आणि लाखाला 'लाकी'! मातुःश्री खूष झाल्या, आणि खोली दिली गेली.

पुढें ओळख वाढल्यावर तो एकदां म्हणाला कीं, महाविद्यालयांत दोन वर्षें झालीं, पण वर्गांतील एकाही मुलाच्या घराचा उंबरा आपण पाहिला नव्हता. त्याच्याशीं वाईट कोणी वागलें नाहीं. कोणी वागलेंच नाहीं. हिंदी महासागरांतील जुन्या व्यापाराचा धडा चालला असतां दार-ए-सलामचा मुलगा शेवटच्या बांकावर मुकाट बसून राहतो, ही कोठली विद्येची रीत? परदेशी मुलांचें वसतिगृह वेगळें न काढतां खोल्या मिसळून द्याव्या, येणाऱ्या प्रत्येकाची गांवांतील एखाद्या कुटुंबाशीं गांठ घालून द्यावी, याला फारसा पैसाही लागत नाहीं.

वैशाखांत परीक्षा झाली कीं तो परत जाईल. त्याचा धाकटा भाऊ पुढल्या वर्षीं इकडे यावयाचा आहे. तोंवर खोली कोणाला दाखवूं नये, असें मातुःश्रींनीं दलालाला बजावून ठेवलें आहे.